गेल्या सोमवारी काय केलंत?

कॉलेजच्या जिन्याखालच्या खोलीत पूर्वी खेळाचं सामान ठेवायचे. सामान गेलं, पण रबरी चेंडूंचा वास काही गेला नाही. त्या वासातच बाईंनी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. दारावर पाटी होती, ‘माजी विद्यार्थी मंडळ’. आत एक टेबल, एक टेलिफोन, फिरण्यापेक्षा कुरकुर जास्त करणारा एक पंखा आणि बाई. मंडळ म्हणून जे काही होतं ते एवढंच. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस वगैरे मंडळी होती, पण ती फोटो काढायच्या दिवशी उगवत.

मुलं त्यांना सोमवारबाई म्हणायची. पाठीमागे म्हणायची, पण कॉलेजात पाठीमागचं बोलणं सगळ्यात आधी कानावर येतं. बाईंना त्याचा राग नव्हता. उलट कुणी चुकून त्यांचं खरं आडनाव घेऊन हाक मारली तर त्याच क्षणभर गोंधळायच्या.

सोमवारचं प्रकरण असं सुरू झालं. दरवर्षी एका शनिवारी मंडळ जुन्या विद्यार्थ्यांना बोलवायचं आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना सभागृहात कोंबायचं. पाहुणे बोलायचे. जिद्द, चिकाटी, स्वप्न, शिखर. मुलं टाळ्या वाजवायची आणि जशी कोरी आत गेली होती तशीच कोरी बाहेर यायची. एका वर्षी अशाच एका शिखरवाल्या पाहुण्याला मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, “सर, ते सगळं ठीक आहे, पण तुम्ही दिवसभर करता काय?”

हशा पिकला. पाहुणा मात्र हसला नाही. मग म्हणाला, “म्हणजे बघा, गेल्या सोमवारी...” आणि त्याने सांगितलं की गेल्या सोमवारी तो एका जळालेल्या दुकानात उभा होता. विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करणं हे त्याचं काम. दुकानदार ढसाढसा रडत होता आणि याला त्याच रडणाऱ्या माणसाला विचारायचं होतं की आदल्या दिवशी शटर शेवटी कुणी ओढलं. त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर मुलं पहिल्यांदाच चहाबिस्किटांच्या मागे न जाता पाहुण्याच्या मागे गेली.

बाई तेव्हा नव्या होत्या, परीक्षा विभागातून टायपिस्ट म्हणून इकडे ढकललेल्या. पण त्यांना जे कळायचं ते कळलं. पुढच्या वर्षापासून त्यांनी भाषणंच बंद करून टाकली. प्रत्येक पाहुण्याला आधी फोन करायचा आणि एकच विचारायचं, गेल्या सोमवारी काय केलंत? हुद्दा नको, पगार नको, कंपनीचं नाव नको. घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंत काय केलं ते सांगा. शनिवारी सभागृहात टेबलं मांडलेली असत, टेबलावर नुसता आकडा. बाई मंचावर उभ्या राहून एकेक सोमवार तोंडी सांगत. पाच नंबरच्या टेबलावरच्या माणसाचा सोमवार असा गेला, सहा नंबरच्या बाईंचा असा. ज्याचा सोमवार आपलासा वाटेल त्याच्या टेबलाशी मुलांनी जाऊन बसायचं. कोण किती मोठा आहे हे बसल्यावर कळायचं, आणि तोवर उठणं बरं दिसायचं नाही.

यातून मुलांची आयुष्यं मार्गी लागली, हे बाईंच्या तोंडून कधी ऐकू यायचं नाही, पण ते खरं होतं. एक मुलगा होता, चार वाक्यं सरळ बोलायची तर घामाघूम व्हायचा. रंगाच्या कारखान्यातल्या एका माणसाचा सोमवार त्याने ऐकला: बंद खोलीत दिवसभर दोन निळ्या पट्ट्या शेजारी ठेवून बघायचं, त्या एकच आहेत की नाहीत. मुलाचे डोळे चमकले. म्हणजे कुणाशी बोलायला लागत नाही? आता तो त्याच खोलीत बसतो आणि दरवर्षी स्वतःचा सोमवार सांगायला येतो, चार वाक्यांत.

बाईंचा एक नियम होता. पाहुण्याने सांगितलं तसंच सांगायचं. वरून मीठमसाला नाही आणि आतून काटछाट नाही. सोमवार रटाळ असेल तर रटाळ सांगायचा. एका पाहुण्याने फोनवर म्हटलं होतं, “बाई, माझा सोमवार फारच फालतू गेला हो, मंगळवार सांगू का?” बाईंनी त्याला असा काही झापला की तो पुढची दोन वर्षं आलाच नाही.

आता मुद्द्याचं. त्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांमध्ये बाईंची स्वतःची लेक होती.

लेकीला घरात खुडबुडी म्हणायचे. लहानपणी जे टिकटिकतं, गुणगुणतं, फिरतं ते तिने उघडलेलं असायचं. घड्याळाला आधी कान लावायची, मग स्क्रू. बाबांच्या दुकानातला छोटा पेचकस तिच्या फ्रॉकच्या खिशात सापडायचा. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे; ते ओरडायचे नाहीत, फक्त पेचकस परत नेताना म्हणायचे, “आजच्या दिवसाचं भाडं झालं हं तुझ्याकडे.”

ती खुडबुड कधी थांबली ते बाईंना नेमकं सांगता आलं नसतं. फिजिक्सला प्रवेश घेतला तेव्हा होती. मग पुस्तकं वाढली आणि खुडबुड कमी झाली. शेवटच्या वर्षाला तर पोरगी कॉलेजातून यायची, बॅग कोपऱ्यात टाकायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेवायला हाक मारली की यायची, विचारलं तेवढं बोलायची. बाईंनी एकदा भीत भीत विचारलं, “पुढे काय करावंसं वाटतं गं तुला?”

“काहीच नाही.”

“काहीच नाही म्हणजे?”

“म्हणजे काहीच वाटत नाही, आई. वाटायचं बंद झालंय.”

ती परीक्षेत नापास झाली असती तरी बाईंना एवढं काही वाटलं नसतं. नापास होणारी पोरं त्यांनी ढिगाने पाहिली होती, आणि काहीच न वाटणारी पोरंही पाहिली होती. नापास झालेली पुढे कुठे ना कुठे भेटायची. दुसरी भेटायची नाहीत, त्यांचा फोन लागायचा नाही.

तेव्हापासून बाईंचं घोडं एकाच जागी अडलं. सकाळी डबा भरताना, खोलीचं कुलूप काढताना, पाहुण्यांशी बोलताना डोक्यात तेच. इतक्या पोरांना आपण वाट दाखवली आणि आपल्याच घरात अंधार? रात्री कूस बदलून बदलून अंथरुणाच्या घड्या व्हायच्या. नवरा म्हणायचा, “अगं, नंबर काढताना पहिल्याच काचेतून कुणाला दिसतं का? ही काच बरी की ती, असं विचारत बसावं लागतं. घाई केली की चुकीचा चष्मा गळ्यात पडतो.”

“तुम्हाला सगळं काचेतून दिसतं,” बाई फणकारायच्या. “तिचं वर्ष संपत आलंय.”

आणि त्याच वर्षी मोठे साहेब यायला तयार झाले. यंत्रं बनवणाऱ्या एका भल्यामोठ्या कंपनीचे प्रमुख, याच कॉलेजचे, याच फिजिक्सचे. कितीतरी वर्षं बाई त्यांच्या कचेरीत फोन करत होत्या आणि कचेरीतली गोड आवाजाची मुलगी “कळवते हं” म्हणत होती. या खेपेला साहेब स्वतः फोनवर आले. बाईंच्या मनात त्याच क्षणी पाल चुकचुकण्याऐवजी दिवा लागला, आणि तिथेच घोटाळा झाला. हा माणूस खुडबुडीकडे एकदा बघेल, एक शब्द टाकेल आणि पोरीचं भलं होईल. असं वाटणं आईला शोभतं, सोमवारबाईंना नाही. पण त्या दोघी एकाच साडीत वावरत होत्या, त्याला काय करणार?

बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

“गेल्या सोमवारी,” साहेब म्हणाले, “मी एका माणसाला कामावरून कमी केलं. मी नवीन होतो तेव्हा त्यानेच मला काम शिकवलं होतं. तो उठला. दाराशी जाऊन फक्त म्हणाला, येतो. मग माझ्या दोन बैठका होत्या. त्या मी घेतल्या. घरी गेलो, जेवलो नाही. एवढंच.” मग ते म्हणाले, “हे असंच सांगाल ना?”

“जसंच्या तसं,” बाई म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांच्या मनात तसंच होतं.

त्याच आठवड्यात त्यांनी लिफ्ट तपासणाऱ्या ताईला फोन केला. ही जुनी विद्यार्थिनी, बोलायला रोखठोक. लिफ्ट सुरक्षित आहे की नाही हे तपासून दाखला द्यायचा, हे तिचं काम. तिने सोमवार एका दमात सांगितला. दिवसभर ती एका उंच इमारतीच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात होती. अंधार, तेलाचा वास, डोक्यावर टांगलेली लिफ्ट. लिफ्ट ज्या तारांच्या दोरावर लटकते त्या दोरावरून चिंधी फिरवायची. एखादी बारीकशी तार तुटलेली असली की चिंधी अडकते. “अडकली की असा आनंद होतो म्हणून सांगू!” ताई खदखदून हसली. “सगळ्या जगाला वाटतं लिफ्ट चालतेय म्हणजे ठीक आहे. मला त्या दोराशी कान लावून बसायला आवडतं.”

कान लावून. कुणाला आवडेल हा सोमवार, ते बाईंना फोन ठेवायच्या आतच कळलं होतं. आणि डोळ्यांसमोर आली ती अंधाऱ्या खड्ड्यात उभी असलेली त्यांची एकुलती एक पोर.

शनिवार उजाडला. बाईंनी ताईचं टेबल खांबामागे मांडून घेतलं. का, ते स्वतःलाही सांगितलं नाही. साहेबांचं टेबल अगदी समोर. सभागृह भरलं. शेवटच्या रांगेत, खिडकीशी, खुडबुडी बसली होती आणि खिडकीबाहेर बघत होती. बाई एकेक सोमवार सांगत गेल्या. मुलं हसली, कुजबुजली, माना वळवून टेबलांकडे बघू लागली. लेकीने एकदाही मान वळवली नाही.

मग साहेबांचा सोमवार आला. बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की कुणालातरी काढून टाकण्याचा हा सोमवार ऐकून पोरगी खिडकीबाहेरच बघत राहणार. आणि मग त्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

“पहिल्या टेबलावरचे गृहस्थ,” बाई म्हणाल्या, “सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी कारखान्यात जातात. एकटेच. एकेका यंत्राला कान लावतात. आवाजावरून त्यांना कळतं कुठल्या यंत्राचं काय दुखतंय. दुपारी स्वतः एक जुनं यंत्र उघडून बसतात. त्यांना वाटतं, आतलं कळलं की बाहेरची भीती जाते.”

इतका देखणा सोमवार आजवर कुणी ऐकला नव्हता. समोर बसलेल्या साहेबांनी हळूच चष्मा काढला आणि बाईंकडे बघत राहिले. आणि शेवटच्या रांगेत खुडबुडीने मान वळवली. बाईंचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. कारण पोरगी टेबलाकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती.

खांबामागच्या टेबलाची पाळी आली तेव्हा बाईंनी ते एका वाक्यात उरकलं. “इमारतींच्या तपासणीचं काम करतात.” खड्डा नाही, दोर नाही, चिंधी नाही. पुढचा सोमवार.

घंटा झाली तशी मुलांची झुंबड पहिल्या टेबलावर उडाली. सगळ्यात पुढे खुडबुडीच्या वर्गातली ती मुलगी, जिला सगळे प्रश्नपत्रिका म्हणत, कारण तिचं वाक्य प्रश्नचिन्हाशिवाय संपायचंच नाही. तिने खुर्ची ओढली आणि सुरुवातच केली, “सर, आवाजावरून नेमकं कसं कळतं? म्हणजे घरघर वेगळी आणि खरखर वेगळी, असं का? आणि उघडताना कुणी ओरडत नाही?”

बाई मंचावरून उतरल्या नव्हत्या. त्यांना तिथूनच दिसत होतं. साहेब मुलीकडे बघत होते. एवढा मोठा माणूस, पण धडा पाठ न झालेल्या पोरासारखा. अखेर ते म्हणाले, “बाळा, तो माझा सोमवार नाही. माझा सांगतो.” आणि त्यांनी खाली बघत खरा सोमवार सांगितला. प्रश्नपत्रिकेने पहिल्यांदाच काही विचारलं नाही. काही मुलं उठून गेली. काही बसून राहिली.

मग ते बाईंपाशी आले. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. “मी हे घरीसुद्धा सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले. “तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. या पोरांना आधी कळावं, की पुढे जाऊन असाही सोमवार येतो. आणि तुम्ही तेच खोडून टाकलंत.”

“चुकलं माझं,” बाई म्हणाल्या. आणखी काय म्हणणार? का चुकलं ते सांगायला तोंड नव्हतं. माइक हाताशी होता. दोन वाक्यांत सगळं दुरुस्त करता आलं असतं. हात काही उचलला नाही. शेवटच्या रांगेतली खिडकीजवळची खुर्ची आता रिकामी होती.

साहेब वळले, तोच लेक मंचापाशी आली. जाता जाता एवढंच बोलली, “तू खोटं बोललीस की तुझा आवाज गोड होतो, आई. मला लहानपणी इंजेक्शन द्यायला नेताना व्हायचा तसा. निदान सोमवार तरी तू खरे सांगतेस असं मला वाटत होतं.”

बाई सभागृहाबाहेर धावल्या. व्हरांडा रिकामा. जिना रिकामा. ग्रंथालयात नाही, कँटीनमध्ये नाही, फाटकावरच्या पहारेकऱ्यानेही पाहिलं नव्हतं. ‘वाटायचं बंद झालंय’ हे शब्द कानांत घणासारखे पडत होते. भलतेसलते विचार मनात येत होते आणि एकेक विचार झटकून टाकावा तर त्याच्यामागे दुसरा उभा. आपण तिच्यापाशी असलेली शेवटची खरी गोष्टही खोटी केली, असं वाटून त्यांना व्हरांड्यातच रडू कोसळलं. धावता धावता त्या रडत होत्या, लोक बघत होते आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती.

मागच्या इमारतीत कॉलेजची जुनी लिफ्ट होती. ‘बंद आहे’ ही पाटी तिच्यावर इतकी जुनी होती की मुलांना ते लिफ्टचं नावच वाटायचं. त्या बाजूने आवाज आला. कुणीतरी धातूवर बोटाने टकटक करत होतं.

बाई कोपऱ्यावरून वळल्या. लिफ्टचं दार उघडं होतं. देखरेखीचा माणूस बाजूला हात बांधून उभा होता. तपासणीवाली ताई पदर खोचून दारात उकिडवी बसली होती, आणि तिच्याशेजारी पालथी पडून, डोकं आत घालून, हातात टॉर्च धरून खुडबुडी होती.

झालं होतं ते अगदी साधं. खांबामागच्या टेबलाशी एकही पोर फिरकलं नाही. कशाला फिरकेल? ‘इमारतींच्या तपासणीचं काम’ ऐकून कुणाला काय कळणार? ताई कंटाळली. विद्यार्थिनी असल्यापासून त्या बंद लिफ्टवर तिचा डोळा होताच. देखरेखीच्या माणसाला पटवून तिने दार उघडून घेतलं. रागारागाने जिन्याकडे निघालेली एक मुलगी तिथे थबकली. ताईने मागे वळूनही न बघता टॉर्च पुढे केला, “जरा धर गं.” बस, एवढंच.

“ऐकू आलं?” ताई विचारत होती.

“हो,” खड्ड्यातून लेकीचा आवाज आला. “पण एका बाजूचा वेगळा आहे. तो का वेगळा आहे?”

कितीतरी महिन्यांनी बाईंनी तिच्या तोंडून ‘का’ ऐकला. त्या भिंतीला टेकल्या. पुढे व्हायचं धैर्य झालं नाही, आणि मागे वळवतही नव्हतं.

त्या संध्याकाळी लेक बाह्यांना काळं तेल माखून घरी आली. जेवताना आईकडे न बघता तिने जाहीर केलं, “सोमवारी मी त्या ताईबरोबर जाणार आहे. दिवसभर.”

“खड्ड्यात?” बाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

“म्हणजे तुला माहीत होतं,” लेक म्हणाली. “ताईने तुला सगळं सांगितलं होतं. तू एक वाक्य बोललीस.”

नवऱ्याने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि म्हणाला, “ही काच बरी दिसतेय का गं तुला?” लेक हसली. “अंधुक दिसतंय, बाबा. पण दिसतंय.”

“पडली बिडली म्हणजे?” बाई नवऱ्यावरच उखडल्या. “वरून ते धूड खाली आलं म्हणजे? तुम्ही हसताय काय!”

“मी कुठे हसतोय,” नवरा म्हणाला. आणि खरंच, भरलेल्या भांड्यात तो पाणी ओततच होता आणि ते ताटात सांडत होतं. बाईंनी तांब्या त्याच्या हातातून काढून घेतला. इतके दिवस त्यांना वाटत होतं की घरात घाबरणारं माणूस एकच आहे.

तो सोमवार बाईंनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. जिन्याखालच्या खोलीत त्या फोनकडे बघत बसल्या. वाजला तरी धस्स व्हायचं, नाही वाजला तरी धस्स व्हायचं. संध्याकाळी पोरगी आली. बराच वेळ हात धूत राहिली, आणि मग जेवण संपून ताटं वाळली तरी तिचं बोलणं संपेना. बाईंना त्यातलं निम्मं कळलं नाही. पण ती ऐकणाऱ्याकडे बघून बोलत होती, भिंतीकडे नाही.

परीक्षा झाली. ताईच्याच शिफारशीने लेक दुसऱ्या शहरात शिकाऊ तपासनीस म्हणून रुजू झाली. घर एकदम शांत झालं. बाईंनी दहा वेळा विचारलं, “सांभाळून करतेस ना?” आणि दहा वेळा उत्तर आलं, “हो गं आई.” त्यात बाईंचं समाधान काही होत नव्हतं.

वर्ष फिरून आलं. शनिवार जवळ आला. बाईंनी मोठ्या साहेबांना फोन केला, ते येतील असं त्यांना वाटलं नव्हतं, पण ते म्हणाले, “येतो. या वर्षी मात्र माझा मीच सांगणार.” मग रंगवाल्याला केला, ताईला केला. शेवटी एक नंबर फिरवायचा राहिला होता. तो फिरवताना बाईंचं बोट दोनदा चुकलं.

“हॅलो, माजी विद्यार्थी मंडळातून बोलतेय,” त्या म्हणाल्या, कारण दुसरं काय म्हणावं ते कळेना. “गेल्या सोमवारी काय केलंत?”

पलीकडे लेक आधी हसली. मग तिने विचारलं, “खरा सांगू?”

“खराच सांग.”

“सोमवारी मी खड्ड्यात उतरले आणि लाल बटण दाबायला विसरले. उतरल्यावर सगळ्यात आधी ते दाबायचं असतं, म्हणजे लिफ्ट जागची हलत नाही. वरच्या माणसाने हाक मारून विचारलं, दाबलं का? मी बघितलं तर नव्हतं दाबलं. काही झालं नाही, आई. लिफ्ट हलली नाही. पण मी घाबरले. बाहेर आले आणि खूप वेळ कडेला बसून राहिले. वाटलं, नको हे. वरच्या माणसाने मला बसू दिलं. मग मी परत उतरले. आधी बटण दाबलं. मग काम केलं. दोराला चिंधी अडकली, तर ती लिफ्ट आम्ही बंद करायला लावली. त्या इमारतीतली माणसं आम्हाला शिव्या देत जिने चढत होती.”

रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून बाईंनी विचारलं, “हे सगळं सांगू?”

“ते तू ठरव,” लेक म्हणाली. “सोमवार सांगायचं काम तुझं आहे.”

शनिवारी खांबामागे एकही टेबल नव्हतं. खुडबुडीचं टेबल पुढच्या रांगेत होतं. ती त्याच्याशी बसली होती, खाली मान घालून, बोटाने टेबलाची कड चाचपत. तिची पाळी आली तेव्हा बाईंनी पदर सावरला, पाणी प्यायल्या, आणि सांगायला सुरुवात केली. खड्डा सांगितला. अंधार सांगितला. लाल बटणापाशी त्यांचा आवाज फाटला. एक क्षण वाटलं की तेवढं गाळावं, कोणाला कळणार आहे? मग त्यांनी तेही सांगितलं. ‘काही झालं नाही’ हे लगेच पुढे जोडायचा मोह झाला होता; तो आवरून त्यांनी ते लेकीने सांगितलं होतं तिथेच सांगितलं. ती कडेला बसून राहिली, तिला नको वाटलं, ती परत उतरली. चिंधी अडकली. लोकांनी शिव्या दिल्या.

सभागृहातल्या मुलांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं की ही मुलगी बाईंची कोण. पहिल्या टेबलावरचे साहेब मात्र चष्मा काढून बाईंकडे बघत होते.

मागच्या रांगेतून एक घाबरट आवाज आला. “बाई, पण तिच्या घरचे घाबरत नाहीत का?”

“घाबरतात,” बाई म्हणाल्या. “फार घाबरतात. रोज.”

त्यांचा आवाज गोड झाला नव्हता. टेबलाची कड चाचपणारं बोट थांबलं, आणि खुडबुडीने मान वर करून आईकडे पाहिलं. घंटा व्हायची होती, तरी मागच्या रांगेतून तो प्रश्न विचारणारी मुलगी उठून तिच्या टेबलाकडे निघाली. बाईंनी डोळे पुसले आणि पुढच्या टेबलाचा सोमवार सांगायला घेतला.